नाकारलेल्या प्रवेशाचा सत्कार

सार्वजनिक आरोग्य शिकायला इंग्लंडला जायचं की दक्षिणेत, हे ज्या उन्हाळ्यात मला ठरवायचं होतं, त्या उन्हाळ्यात मला खरं म्हणजे फक्त झोपायचं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कुणी विचारलंच तर सांगते, की आपल्याकडचे प्रश्न आपल्याच देशातल्या संस्थेत शिकलेले बरे. समोरचा माणूस मान डोलावतो. इतक्या वर्षांत हे वाक्य इतकं गुळगुळीत झालंय, की ते म्हणताना मला आता लाजही वाटत नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी इंदापूर तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक आरोग्य केंद्राची वैद्यकीय अधिकारी होते. गावाच्या टेकाडावर उभं राहिलं की धरणाचा फुगवटा दिसायचा, आणि प्यायचं पाणी टँकरनं यायचं. केंद्रात दोन डॉक्टरांच्या जागा होत्या. दुसरी मी रुजू झाल्यापासून रिकामीच होती. सकाळी ओपीडी, दुपारी उपकेंद्रं, मध्येच एखादं बाळंतपण, कुणी विहिरीत पडून गेलं तर त्याचं शवविच्छेदन, आणि महिनाअखेरच्या बैठकीत नसबंदीच्या केसेस कमी का, म्हणून उभं राहून बोलणी खाणं. अशी चार वर्षं झाली होती.

त्या मे महिन्यात दोन वस्त्यांवर गॅस्ट्रोची साथ आली. खाटा संपल्यावर व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या आणि सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना बांधल्या. तीच विहीर, त्याच वस्त्या, सलग तिसरा उन्हाळा. दरवर्षी मी अहवाल लिहायचे, की विहिरीत ब्लिचिंग पावडर नियमित पडत नाही आणि पडते तेव्हा ती जुनी, निकामी असते. अहवाल फायलीत जायचा आणि पुढच्या मे महिन्यात मी पुन्हा बाटल्या बांधायला उभी. पावडर का पडत नाही, कोण टाकत नाही, का टाकत नाही, हे नीट शोधून काढायला शिकवतात अशी एक विद्या आहे, एवढं मला कळलं होतं. ती शिकावी म्हणून मी आदल्या वर्षी दोन ठिकाणी अर्ज केले होते. दोन्हीकडून होकार आला.

इंग्लंडचं पत्र घरच्या पत्त्यावर आलं. माझी बदली कधी होईल याचा नेम नव्हता, म्हणून मी अर्जावर बारामतीजवळचा, कन्हेरीच्या अलीकडच्या आमच्या वस्तीचा पत्ता दिला होता. जाडजूड पांढरा लिफाफा, त्यावर राणीचं तिकीट. दक्षिणेतल्या संस्थेचा अर्ज मी सरकारी नोकर म्हणून कार्यालयामार्फत केला होता, त्यामुळे ते पत्र पातळ खाकी लिफाफ्यातून आरोग्य केंद्रात आलं, आणि आल्या आल्या लसींच्या मागणीपत्रांखाली गेलं. ते मला चार दिवसांनी सापडलं.

मग मी इंदापूर-बारामती एस.टी.त बसून दोन्हीकडची माहितीपुस्तकं वाचू लागले, कारण बसायला मिळायचं ते तेवढंच. इंग्लंडचा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता, शिष्यवृत्तीसकट. सोबत नेपाळचे, इथिओपियाचे, पेरूचे डॉक्टर. साथरोगशास्त्र, आरोग्य धोरण, निर्वासितांच्या छावण्यांतलं आरोग्य असे विषय, आणि शेवटचा प्रबंध स्वतःच्या भागात येऊन करायची मुभा. दक्षिणेतला दोन वर्षांचा. संख्याशास्त्र भरपूर, समाजशास्त्रही भरपूर, आणि पगार चालू. माझ्या ओळखीतले दोघं तिथं शिकून आले होते आणि दोघंही बरं बोलत होते. मी केसपेपरच्या पाठीमागे दोन रकाने आखून फायदे-तोटे लिहायला घेतले. भिगवणच्या पुढे खड्डे लागले की अक्षर लागेनासं व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच केसपेपरवर मी कुणाला तरी जुलाबाची औषधं लिहून देऊन मोकळी व्हायचे.

सल्ला घ्यावा म्हणून वरच्या साहेबांना विचारलं. ते पंख्याखाली डोळे मिटून बसले होते. म्हणाले, "कुठूनही शिकून या मॅडम, परत येऊन रजिस्टरच भरायचंय." आमच्या केंद्रातल्या नर्सबाई, ज्यांना सगळे सिस्टर म्हणायचे, त्या माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या होत्या. त्यांना मी दोन्ही पत्रं दाखवली. त्यांनी एकालाही हात लावला नाही. "म्याडम," त्या म्हणाल्या, "जितं झोप मिळंल तितं जावा." तेव्हा मला हसू आलं.

खरं सांगायचं तर माझ्यासाठी इंग्लंड सरस होतं, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिथल्या एका बाईंनी छापील पत्राच्या खाली स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या होत्या, की तुमचा विहिरींचा प्रश्न मला आवडला, आपण दोघी त्यावर काम करू. त्या प्रश्नाकडे तोवर कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पण त्या ओळींच्या पुढच्या पानावर यादी होती. कॉलेजकडून मोहोरबंद गुणपत्रिका, छातीचा एक्स-रे, अध्ययन रजेची मंजुरी, मुंबईला जाऊन व्हिसा. रजेची फाइल किती टेबलांवरून जाणार आणि कोणत्या टेबलावर बसणार हे मला दिसत होतं. दक्षिणेच्या कागदावर फक्त एक सही हवी होती. बाकीचं कार्यालयामार्फत आधीच झालेलं होतं.

पासपोर्ट तेवढा तयार होता. तो माझ्या वडिलांनी करून घेतला होता. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. चौकशीला घरी येणाऱ्या पोलिसाची वाट पाहून कंटाळले, तेव्हा आबा सायकलवरून स्वतःच पोलीस ठाण्यात तीन वेळा जाऊन बसले. पंचविशीपर्यंत त्यांनी मेंढरं राखली होती. आमचं घराणंच मेंढक्यांचं. कालव्याचं पाणी मिळाल्यावर त्यांनी कळप मोडला, ऊस लावला, कारखान्याचे सभासद झाले, आणि मला शिकायला बारामतीला ठेवलं.

इंग्लंडचं पत्र आलं, त्या रविवारी मी घरी गेले. मी ते वाचून "मिळालं" एवढंच म्हणाले आणि आतल्या खोलीत जाऊन संध्याकाळपर्यंत झोपले. दक्षिणेच्या पत्राबद्दल घरी बोलायचं राहूनच गेलं. आबांच्या दृष्टीनं गोष्ट तिथंच मिटली होती. मागितलं, मिळालं, आता जायचं. एखादी गोष्ट मिळाल्यावर ती घ्यायची की नाही याचा विचार करत बसायची वेळ त्यांच्या आयुष्यात कधी आलीच नव्हती.

इंग्लंडला कळवायला जून अखेरपर्यंत मुदत होती. ती संपायला आठ दिवस असताना मी एक दिवसाची रजा घेऊन घरी निघाले. बारामतीला उतरले आणि स्टँडसमोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरले. तिथं फॅक्सचं यंत्र होतं. काउंटरवर उभ्या उभ्याच मी चार ओळी लिहिल्या: आपल्या कृपेबद्दल आभारी आहे, काही कौटुंबिक कारणांमुळे मला हा प्रवेश स्वीकारता येत नाही. कौटुंबिक कारण कुठलंच नव्हतं. बूथवाल्यानं कागद यंत्रात घातला, ते किंचाळलं, कागद दुसऱ्या बाजूनं बाहेर आला. झालं. आत शिरल्यापासून दहा मिनिटंही लागली नाहीत.

मला इतकं हलकं वाटलं, की पुढच्या गाडीत बसल्या बसल्या डोळा लागला आणि आमचा थांबा मागे गेला. पुढच्या फाट्यावर उतरून उन्हातून चालत परत आले. वस्तीवर जायचा रस्ता गावातल्या चौकातून जातो. चौकात दूध संस्थेचा काळा फळा आहे. त्यावर रंगीत खडूनं लिहिलं होतं: 'आपल्या गावची लेक उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला जात असल्याबद्दल जाहीर सत्कार. आज सायंकाळी पाच वाजता. बिरोबा मंदिर.' खाली कडेनं वेलबुट्टी काढलेली.

मी तो फळा दोनदा वाचला. आमच्याकडे कुणाची निवड झाली, कुणाला नोकरी लागली, कुणाचा पोरगा कुस्तीत जिंकून आला, की आधी सत्कार होतो. मग बाकीचं. हे मला जन्मापासून माहीत होतं आणि तरी ते माझ्या बाबतीत होईल, असं डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. रजेवर येतेय हे मीच बूथवरून आदल्या आठवड्यात दूध संस्थेत फोन करून कळवलं होतं. आबांनी राणीच्या तिकिटाचा लिफाफा दूध केंद्रावर सगळ्यांना दाखवला होता, आणि संस्थेच्या चेअरमननी तारीख धरली होती.

घरी आई नवी साडी काढून बसली होती. मी म्हटलं, "आई, जरा थांब, मला बोलायचंय." ती म्हणाली, "नंतर बोल, आधी तोंड धू, डोळं बघ कसं झालंत." आबा मंदिरात सतरंज्या टाकायला गेले होते. मी तोंड धुतलं.

पाच वाजता मंदिरासमोर बरीच माणसं जमली. कन्हेरीचे पाहुणे होते, पणदऱ्याची आत्या होती. चेअरमननी हार घातला, संस्थेतर्फे साडी दिली, बायकांनी ओटी भरली, आणि मग एकेक जण येऊन हातात नारळ देऊ लागला. टेबलावर जागा पुरेना, तेव्हा नारळ खाली ठेवायला सुरुवात झाली. चेअरमन बोलले. मी इंग्लंडात कसली मोठी ऑपरेशनं शिकणार आहे, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. ते कुठून आलं मला माहीत नाही. सार्वजनिक आरोग्य म्हणजे काय हे एकदा आबांना सांगायचा प्रयत्न मी केला होता. तेव्हा ते म्हणाले होते, "म्हंजी सुई न्हाय टोचायची? मंग डॉक्टर कशी?" बहुधा त्यांनीच चेअरमनना थोडी सुधारून माहिती दिली असावी.

मग कुणीतरी म्हटलं, "आबा, तुमी बोला की दोन शब्द." आबा माइकसमोर कधी उभे राहिले नव्हते. ते उठले, फेटा सारखा केला, आणि माइकपासून हातभर लांब उभे राहून बोलले. "मी मेंढरं घिऊन लई हिंडलो," ते म्हणाले. "हितं पानी न्हाय म्हनून हिंडलो. हिला कुनी हाकललं न्हाय. ही आपल्या मनानं चाललीया. आमच्या घरात असं पयल्यांदाच व्हतंय." एवढं बोलून ते बसले. मागच्या बाजूला आत्या डोळे पुसत होती.

मला बोलायला उभं केलं. तेव्हा बोलायला हवं होतं. फॅक्स करून चार तास झाले होते. मी सगळ्यांचे आभार मानले, गावाचं ऋण मानलं, आणि इंग्लंड हा शब्द न उच्चारता खाली बसले. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मला माझीच शिसारी आली, आणि त्यातही झोप येत होती, हे विशेष.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा गोठ्यात धार काढत होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. दुसरं पत्र, तिथला प्रवेश, कालचा फॅक्स. त्यांनी धार थांबवली नाही. बादली भरल्यावर ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "ते चांगलं हाय का यापरीस?"

"चांगलं आहे," मी म्हणाले.

"मंग काल का न्हाय बोललीस?"

उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, "परत कळवता येतं का त्यास्नी? चुकून धाडलं म्हनून?"

मुदतीला आठवडा बाकी होता. बाईंनी स्वतःच्या हातानं ओळी लिहिल्या होत्या. बारामतीला जाऊन दुसरा फॅक्स केला असता तर बहुतेक चाललं असतं. हे सगळं मला तेव्हा, गोठ्यात उभी असताना, स्वच्छ दिसत होतं. त्याबरोबर एक्स-रे दिसला, व्हिसाची रांग दिसली, रजेची फाइल दिसली.

"नाही येत आबा," मी म्हणाले. "एकदा नाही म्हटलं की संपलं."

"बरं," आबा म्हणाले.

दुधाचा कॅन पोचवून आल्यावर त्यांनी नारळ दोन पोत्यांत भरले, साडी पिशवीत घातली आणि पोती सायकलच्या कॅरियरला बांधू लागले. आई म्हणाली, "अवं, नारळ कुनी परत करतंय व्हय?" आबा म्हणाले, "ज्यासाठी दिलं ते झालं न्हाय. घरात कसं ठिवायचं?" मी आडवी गेले, म्हटलं, मी येते, मी सांगते सगळ्यांना. त्यांनी मला बाजूला केलं. "तुझी गाडी हाय अकराची," म्हणाले. ती गाडी पकडून मी इंदापूरला गेले. मला जावंच लागणार होतं, केंद्रावर डॉक्टर नव्हता. पण खरं बोलायचं तर मी पळाले.

त्यांनी घरोघरी काय सांगितलं, ते मला महिन्याभरानं आईकडून कळलं. आबांनी सांगितलं होतं, की पोरीची काही चूक नाही. पत्र इंग्रजीत होतं, मला वाचता आलं नाही. त्यात नुसती चौकशी होती, तुमचा अर्ज पोचला एवढंच होतं. मी अडाण्यानं प्रवेश मिळाला असं समजून गावभर केलं. पोरगी बिचारी सत्काराच्या दिवशी माझ्या तोंडाकडं बघून गप्प बसली.

हे ऐकून मी आईसमोर रडले. आबांना वाचता येत नव्हतं असं नाही. चाळिशीत, माझ्याच पाटीवर, माझ्याबरोबर ते मराठी वाचायला शिकले होते. दूध केंद्रावर सकाळी पेपर आला की तो मोठ्यानं वाचून दाखवायचं काम त्यांचं होतं, आणि त्यांना त्याची घमेंड होती. कारखान्याची नोटीस आली की लोक ती घेऊन त्यांच्याकडे यायचे. या प्रकारानंतर लोकांनी त्यांची यथेच्छ चेष्टा केली. "आबा, राणीचं पत्र आलं का?" असं कुणीही जाता येता म्हणायचं. आबा हसायचे. पेपर मात्र हळूहळू दुसऱ्या कुणीतरी वाचायला घेतला. आबा कॅन देऊन सरळ घरी यायला लागले.

मी गावात जाऊन खरं सांगायला हवं होतं. प्रत्येक वेळी सुट्टीला गेले की ठरवायचे, आणि प्रत्येक वेळी घरीच बसून यायचे. शेवटी ऑगस्ट उजाडला. दक्षिणेला जायची गाडी दौंडहून होती. आबा ट्रंक उचलून माझ्याबरोबर आले. माझी पत गेली नव्हती, त्यांची गेली होती, आणि तरी निरोप घेताना तेच मला काय हवं नको विचारत होते. गावात कुणी विचारलं तर ते सांगत होते, की पोरगी सरकारी ट्रेनिंगला चाललीय. पदवी वगैरे काही बोलायला ते आता धजत नव्हते.

फलाटावर गाडीची वाट पाहत आम्ही ट्रंकेवर बसलो होतो. गाडी उशिरा होती. मला राहवेना. मी म्हणाले, "आबा, तुम्ही स्वतःला अडाणी का म्हणवून घेतलंत?"

ते म्हणाले, "त्या कागदावर तारीख हुती. कारखान्याच्या पावत्या बघतो मी, इंग्रजी आकडं कळत्यात मला. तू गोठ्यात आलीस तवा अजून सात दिस हुतं."

त्यांना माहीत होतं. मी खोटं बोलले तेव्हाही त्यांना माहीत होतं, आणि तरी ते पोती बांधून निघाले होते.

"मग बोलला का नाहीत?" मी कसंबसं विचारलं. "जा म्हणाला असतात तर मी गेले असते."

"म्हनून तर न्हाय बोललो," आबा म्हणाले. "तू गेली असतीस. पर त्या दिशी तुला उभं ऱ्हायाला होईना."